जाकिटाचा खिसा

परवा पुण्याहून भाचीचा फोन आला. ती सध्या जर्मन शिकते आहे. शिकता शिकता काही अडलं की तिला मामा आठवतो. मामाला जर्मन येत नाही हे तिला ठाऊक आहे. पण मराठी येतं अशी तिची समजूत आहे.

"मामा, एखादी जागा 'आपल्या वेस्टनटाशेसारखी माहीत असणं' याला मराठीत काय म्हणशील?"

"आधी मला सांग, हे वेस्टनटाशे म्हणजे काय?"

"वेस्टं म्हणजे जाकीट, आणि टाशे म्हणजे खिसा. जाकिटाचा खिसा! आपल्या जाकिटाच्या खिशासारखं माहीत असणं, म्हणजे एकदम पूर्ण माहीत असणं."

मी म्हटलं, "मग खडान्‌खडा माहीत असणं, असं लिही."

"पण त्यात खिसा कुठे आहे?" असं म्हणून तिने फोन ठेवला. तिचं काम झालं, माझं मात्र सुरू झालं. खडान्‌खडा हे उत्तर बरोबरच होतं, पण त्यात खिसा नव्हता हेही खरंच. मग वाटलं, आपल्याकडे खिसा होता तरी कुठे आणि कधीपासून?

आमच्या बाबांचं एक जाकीट अजून माझ्याकडे आहे. राखाडी रंगाचं, सुती, बिनबाह्यांचं. बाबा मूळचे घाटावरचे. नोकरीच्या निमित्ताने तलासरीच्या बाजूला आले आणि तिथलेच झाले. वेगवेगळ्या पाड्यांवरच्या शाळांत त्यांनी मास्तरकी केली. ते जाकीट म्हणजे त्यांचं चालतंफिरतं कपाट होतं. डाव्या खिशात खडू, उजव्या खिशात शाळेची किल्ली आणि एस.टी.साठी सुटे पैसे, आणि आत छातीशी एक चोरखिसा. पगाराच्या दिवशी तो चोरखिसा किंचित फुगायचा आणि महिनाभरात हळूहळू बसत जायचा. अंधारात, पावसात, बोलता बोलता, न बघता बाबांचा हात बरोबर हव्या त्या खिशात जायचा. जर्मन माणसाला काय म्हणायचं आहे ते मला बाबांच्या त्या हातामुळे लगेच कळलं. जाकिटाचा खिसा इतका लहान असतो की त्यात दोन बोटंच जातात. तिथे काय आहे हे डोळ्यांना नाही, बोटांना माहीत असतं.

आता या जाकिटाची जन्मकथा थोडी मजेची आहे. ज्या वर्षी शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले त्याच वर्षी, म्हणजे १६६६ साली, लंडन शहर मोठ्या आगीत जळलं. त्यानंतर महिनाभरात इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने दरबारात जाहीर केलं, की आता आपण नवा पोशाख सुरू करणार आणि तो पुन्हा बदलणार नाही. त्या पोशाखात एक लांब 'वेस्ट' होतं. ही नोंद सॅम्युएल पेपिस नावाच्या सरकारी अधिकाऱ्याच्या रोजनिशीत सापडते. 'पुन्हा बदलणार नाही' हे राजाचं म्हणणं अर्थातच टिकलं नाही. ते वेस्ट पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत आखूड होत होत कमरेपर्यंत आलं, पण गेलं मात्र नाही. युरोपभर पसरलं, जर्मनांकडे गेलं आणि त्यांचं 'वेस्टं' झालं. गंमत म्हणजे हा शब्द आपल्याला वाटतो तितका परका नाही. त्याच्या मुळाशी लॅटिन 'वेस्टिस' आहे, आणि वेस्टिस व आपलं 'वस्त्र' ही एकाच धातूची दूरची भावंडं.

त्याच सुमारास घड्याळंही आकाराने लहान होत होती. आधी ती गळ्यात किंवा कमरेला लटकवत. जाकीट आल्यावर त्यांना घर मिळालं. जाकिटाला छोटा खिसा, खिशात घड्याळ आणि घड्याळाची साखळी जाकिटाच्या बटणात. आपल्याकडच्या जुन्या फोटोंतले वकील, डॉक्टर, संस्थानांचे कारभारी आठवा. पगडी किंवा फेटा आपला, धोतर आपलं, आणि मध्ये पोटावर ती साखळी! खिशातलं घड्याळ कुणाला दिसत नसे, पण आपल्याकडे ते आहे हे साखळी सांगत असे.

पुढे मनगटी घड्याळ आलं आणि खिसा रिकामा झाला, पण नाहीसा झाला नाही. तुमच्या जीन्सच्या उजव्या मोठ्या खिशात जो एक अगदी छोटा खिसा असतो ना, तो मुळात घड्याळाचाच. लीव्हाय स्ट्रॉस हा मूळचा जर्मनीतल्या बव्हेरियाचा. जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याबरोबर त्याने १८७३ साली खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याच्या रिबिटी ठोकून पँट मजबूत करण्याचं पेटंट घेतलं. मजुरांच्या पँटचे खिसे फाटतात, हाच तर त्यांचा मूळ प्रश्न होता. आज त्या छोट्या खिशाचं काय करायचं हे कुणालाच माहीत नाही. पण शिवतात बिचारे अजून.

जर्मन भाषेने मात्र जाकिटाचा खिसा जपून ठेवला आहे. एखादी गोष्ट फारच छोटी असली की ती 'जाकिटाच्या खिशाच्या मापाची' असते. त्यात कौतुकही असतं आणि टिंगलही. मोठेपणाचा आव आणणाऱ्या किरकोळ माणसालाही ते हेच माप लावतात. कुणी एखादा खर्च सहज केला तर तो 'जाकिटाच्या खिशातून' केला म्हणतात. म्हणजे मोठ्या पाकिटाला हातही लावावा लागला नाही, वरच्या सुट्या पैशांतच भागलं. आणि त्यांच्याकडे टाशे हा एकच शब्द पिशवीलाही आहे आणि खिशालाही. हातातली टाशे, पँटची टाशे, जाकिटाची टाशे. इंग्रजांचं 'पॉकेट'ही मूळचं पिशवीच, लहानशी पिशवी. म्हणजे भाषेच्या दृष्टीने खिसा ही वेगळी वस्तू नाहीच. पिशवीच हळूहळू कपड्याला चिकटली.

चिकटायला वेळ मात्र बराच लागला. १९९१ साली ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर आल्प्सच्या बर्फात एका माणसाचा गोठलेला देह सापडला. सुमारे सव्वापाच हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या कमरपट्ट्याला एक छोटी कातडी पिशवी शिवलेली होती. आत गारगोटीची हत्यारं, हाडाची आरी आणि विस्तव पेटवायला लागणारी वाळकी बुरशी. म्हणजे त्या माणसाचा खिसाच म्हणा ना. त्याच्यानंतर हजारो वर्षं माणसं कमरेलाच पिशवी लटकवत राहिली. म्हणून तेव्हाचा चोर पिशवीची दोरी कापायचा. पिशवी कपड्याच्या आत गेल्यावर त्याला कात्री सोडून बोटांची कला शिकावी लागली.

आपल्याकडे चोर गाठ कापायचा. संस्कृतात त्याला 'ग्रंथिभेदक' म्हणतात, हिंदीत 'गिरहकट'. दोन्हींचा अर्थ गाठ कापणारा किंवा सोडणारा. कारण आपला पैसा गाठीत असायचा. 'गाठीला चार पैसे असावेत' असं आपण आजही म्हणतो. बँकेत खातं असलं तरी म्हणतो. पैसा कनवटीला असायचा, म्हणजे धोतराच्या किंवा लुगड्याच्या कमरेशी खोचलेल्या भागात. व्यापारी, प्रवासी माणसं कमरेला 'कसा' बांधत, ती एक लांबट अरुंद पिशवी. पानसुपारीची चंची वेगळी, औषधांचा बटवा वेगळा. आमच्या आजीच्या कनवटीतून एखादं नाणं निघालं की ते तिच्या अंगासारखंच उबदार असायचं.

बायकांच्या बाबतीत तर सगळी भाषा पदराची आणि ओटीची. पदरात घालणं, पदरी पडणं, ओटी भरणं, ओच्यात फुलं वेचणं. आणि सगळ्यात सुंदर शब्द म्हणजे पदरमोड. स्वतःच्या गाठचे पैसे दुसऱ्यासाठी खर्च करणं. हा शब्द पुरुषही वापरतात. सार्वजनिक काम करणारा कुणीही कार्यकर्ता पदरमोड करतो, त्याला पदर असो वा नसो! 'खिसामोड' असा शब्द मराठीत झाला नाही. उलट खिशाचे वाक्प्रचार बघा. खिसा गरम करणे, खिसे भरणे, खिशाला कात्री लागणे, सामना खिशात घालणे, आणि हे सगळं नीट साधायला खिसेकापू. पदर देतो आणि खिसा घेतो, असं काहीसं आपल्या भाषेने ठरवलेलं दिसतं.

बरं, हा 'खिसा' आला कुठून? फारसी 'कीसा' म्हणजे पिशवी, तिथून. हिंदीवाल्यांनी 'जेब' घेतला तो अरबीतून. अरबीत 'जैब' म्हणजे मुळात अंगरख्याची गळ्याकडची उघडी बाजू, छातीशी होणारा खोलगट भाग. तिथे वस्तू ठेवता येते म्हणून पुढे खिसा. या जैबची एक भन्नाट गोष्ट आहे. आर्यभटाच्या गणितातली 'ज्या' (तिलाच 'जीवा'ही म्हणत) अरबांनी 'जीब' म्हणून घेतली. अरबी लिहिताना स्वर बहुधा गाळतात. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी ती अक्षरं बघितली, 'जैब' असं वाचलं आणि त्याचं भाषांतर केलं 'सायनस', म्हणजे वस्त्राची खोलगट घडी. आज शाळेत मुलं जे साइन थीटा घोकतात ते हेच. आपली धनुष्याची दोरी अरबांच्या खिशात पडली आणि इंग्रजीचा वेष घालून परत आपल्या वर्गात आली. हे बाबांना सांगायला हवं होतं. त्यांना त्रिकोणमिती फार आवडायची.

खिशाची आणखी एक गोष्ट मला तलासरीच्या अगदी शेजारी सापडली. तलासरीहून उत्तरेला निघालं की गुजरातची हद्द लागते आणि संजाण येतं. इराणातून निघालेले पारशी तिथे वसले असं त्यांची परंपरा सांगते. पुढे उदवाडा, तिथे त्यांचा पवित्र अग्नी आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्यांतही इराणी आणि पारशी कुटुंबं आहेत. पारशी माणूस अंगात जो पांढरा सुती सदरा घालतो, त्याला ते सुद्रेह म्हणतात. त्याच्या गळ्याशी पुढे एक एवढासा खिसा शिवलेला असतो. बोटाचं पेरही धड जाणार नाही इतका. त्यात काही ठेवायचं नसतं. तो खिसा आहे पुण्याचा, सत्कृत्यांचा. दिवसभरात काही चांगलं केलंस का, हा खिसा थोडा तरी भरलास का, हे स्वतःला विचारायचं. त्याला गिरेबान म्हणतात आणि 'कीस्से-कर्फे' असंही म्हणतात. कर्फे म्हणजे पुण्य आणि कीस्से म्हणजे आपला खिसाच की! म्हणजे जो शब्द आपण लाच देताना गरम करतो, तोच शब्द शेजारच्या घरात रोज सकाळी प्रार्थनेबरोबर अंगावर चढतो.

जर्मनांची एक म्हण आहे, 'शेवटच्या सदऱ्याला खिसे नसतात.' हिंदीतही कफनाला जेब नसते असं म्हणतातच. मेल्यावर सगळे सारखे, बरोबर काही नेता येत नाही, वगैरे. पण पारशी माणसाला शेवटच्या प्रवासातही सुद्रेह घालतात. म्हणजे त्याच्या शेवटच्या सदऱ्याला एक खिसा असतो, आणि तो रिकामा दिसला तरी रिकामा असेलच असं नाही. मला ही कल्पना जर्मन म्हणीपेक्षा जास्त आवडली.

पण खरं सांगू का, हे सगळं लिहिताना माझ्या डोळ्यापुढे वेगळंच काही येत होतं. मेलेल्या माणसाच्या कफनाला खिसा नसतो हे झालं तत्त्वज्ञान. जिवंत माणसाच्या वस्त्राला खिसा नसतो तेव्हा ते तत्त्वज्ञान नसतं, तो हिशेब असतो.

लंगोटीला खिसा नसतो. गांधीजींनी २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईला सदरा-टोपी सोडून आखूड पंचा नेसला तेव्हा त्यांच्यापुढेही हा प्रश्न आला असणार. त्यांचं खिशातलं घड्याळ मग कमरेला दोरीने आणि सेफ्टी पिनने लटकायला लागलं. पण ते त्यांनी स्वतः ठरवून केलं. तलासरी-डहाणूकडच्या वारल्यांना कुणी विचारलं नव्हतं. लंगोटी, आणि कमरेमागे आकडीला कोयता. कोयत्याला जागा होती, कारण काम होतं. पैशाला जागा नव्हती, कारण पैसा नव्हता.

गेल्या शतकाच्या पूर्वार्धात हा भाग ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांत होता. जमीन आणि जंगलाचे ठेके बहुतेक सावकार-जमीनदारांकडे. वारली त्यांच्याकडे वेठीला. वेठ म्हणजे मजुरीच नाही, किंवा मूठभर धान्य. लग्नासाठी कर्ज काढलं तर तो माणूस 'लग्नगडी' व्हायचा, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत सावकाराचा बांधलेला गडी, आणि त्याची बायकोही त्याच्याबरोबर राबायची. कर्ज किती फिटलं हे सावकाराच्या वहीत. वही सावकाराच्या घरात. आणि वाचता येणारा माणूसही सावकारच. ज्याची मजुरी धान्यात आणि कर्ज दुसऱ्याच्या वहीत, त्याला खिशाची गरजच काय?

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे या भागातले थोडे वारली गेले होते. मग श्यामराव आणि गोदावरी परुळेकर इकडे आले. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात सुमारे पाच हजार वारली जमले आणि त्यांनी ठरवलं, की रोख बारा आणे रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर काम करायचं नाही. वेठ करायची नाही. गोदावरीबाईंनी हे सगळं पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं. ते १९७० साली आलं आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. बाबांकडे त्याची एक प्रत होती. ती वाचून वाचून खिळखिळी झाली होती.

बारा आणे. एक अधेली आणि एक पावली. आज हे किरकोळ वाटतं. पण त्या मागणीतला 'रोख' हा शब्द बघा. धान्य दिलं की ते घरी जाऊन संपतं. धान्यातली मजुरी मोजणारं माप मालकाचं असतं, आणि ते किती भरलं हेही तोच सांगतो. रोख पैसा मात्र मोजता येतो, आणि ज्याच्या हातात पडला त्याने मोजायचा असतो. त्यातला अर्धा ठेवता येतो, दुसऱ्या दुकानात नेता येतो, उद्यासाठी राखता येतो. बारा आण्यांबरोबर वारली आणखी एक गोष्ट मागत होता. स्वतःचं काहीतरी स्वतःजवळ ठेवायची जागा.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर गवतकापणीचा प्रश्न आला. इथलं गवत मुंबईला जात असे आणि त्यावर जमीनदार चांगला पैसा करत. वारल्यांनी पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मागितले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या निःशस्त्र जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याच्याबरोबर आणखी चार जण मारले गेले. अजूनही दर वर्षी १० ऑक्टोबरला तलासरीत त्यांची आठवण करतात. लहानपणी तो लाल झेंड्यांचा मोर्चा मी बाबांच्या खांद्यावर बसून पाहिला आहे. तेव्हा मला एवढंच कळलं होतं की आज बाबांनी जाकीट इस्त्रीचं घातलं आहे.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती बाबांनी मला एकदाच सांगितली. निवृत्तीनंतर, मी घरी गेलो होतो तेव्हा, पडवीत बसून.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. एका पाड्यावरची शाळा. एका मुलाची नवी पेन्सिल हरवली. तेव्हा पेन्सिल ही मोठी गोष्ट होती. बाबांनी सगळ्या मुलांना ओळीत उभं केलं आणि खिसे उलटे करायला सांगितले. चिंचोके निघाले, आवळे निघाले, गलोलीसाठी जमवलेले गोल दगड निघाले, सुकलेली मोहाची फुलं निघाली. एक मुलगा मात्र उजवा हात छातीवर डाव्या बाजूला घट्ट धरून उभा. बाबा म्हणाले, हात काढ. तो काढेना. पुन्हा म्हणाले. नाहीच. बाबांना वाटलं, सापडला चोर. त्यांनी त्याचा हात धरून खाली ओढला.

हाताखाली खिसा नव्हता. खिशाची जागा होती. सगळा सदरा धुऊन धुऊन विटला होता, आणि जिथे पूर्वी खिसा होता तो चौकोन मात्र नव्यासारखा गडद राहिला होता. कडेने उसवलेल्या टाक्यांची बारीक भोकं. खिसा कुठे गेला तेही बाबांना लगेच दिसलं. मुलाच्या चड्डीला मागे ठिगळ होतं, त्याच कापडाचं.

पेन्सिल थोड्या वेळाने तरटाच्या घडीत सापडली.

"त्याने चोरी लपवली नव्हती रे," बाबा म्हणाले. "त्याला खिसा नव्हता, ते लपवलं होतं. आणि मी ते चारचौघांत उघडं केलं."

त्यानंतर बाबांनी कधी कुठल्याही मुलाला खिसे दाखवायला सांगितलं नाही. त्या पाड्याची वाट, ओढा, कुणाच्या घरात किती माणसं, कुणाची गाय कधी व्याली, सगळं त्यांना खडान्‌खडा माहीत होतं. अगदी जाकिटाच्या खिशासारखं. तरी हे माहीत नव्हतं.

आता तलासरी खूप बदलली आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग गावाला लागूनच जातो. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत येते. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला. पाड्यांवरची मुलं कामाला वापीला जातात, जीन्स-टीशर्ट घालून, खिशात मोबाईल टाकून. पैसा तर खिशातूनही निघून मोबाईलमध्ये गेला. चहावालासुद्धा नोट दिली की तोंड वाकडं करतो. वारली चित्रं जगभर गेली. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. त्या चित्रांतली माणसं दोन त्रिकोणांची, टोकाला टोक लावलेली. त्यांना खिसा काढायला जागाच नाही. आणि शहरातल्या दुकानात मी काय बघितलं असेल? वारली नक्षी छापलेलं जाकीट. तारप्याभोवती फेर धरून नाचणारी ती बिनखिशाची माणसं नेमकी खिशावर छापलेली! किंमत बघून मी माझा खिसा चाचपला आणि जाकीट परत ठेवलं.

भाचीला मी संध्याकाळी फोन केला. म्हटलं, तुझ्या वाक्याला 'खडान्‌खडा'च ठेव, ते बरोबर आहे. ती म्हणाली, "ते मी कधीच लिहून टाकलं, मामा. पण तुला माहितेय का, आमच्या जीन्सला धड खिसेच नसतात. अर्धा मोबाईल बाहेर राहतो. नुसती खिशाची शिवण असते, आत काही नाही." मी हसलो. युरोपातल्या बायका अठराव्या शतकात घागऱ्याच्या आत खिशांच्या पिशव्या बांधायच्या. झगे अंगासरशी झाले तशा त्या पिशव्या गेल्या आणि हातात पर्स आली. तिथपासून हे भांडण चालू आहे, हे तिला सांगणार होतो. पण मग ती म्हणाली असती, मामा, तुझं सुरू झालं.

रात्री बाबांचं जाकीट ट्रंकेतून काढलं. उजव्या खिशात काही नव्हतं. चोरखिशाची शिवण एका बाजूने सुटली आहे. डाव्या खिशात दोन बोटं घातली. बाहेर काढली तेव्हा बोटांच्या टोकांना पांढरं लागलं होतं. इतक्या वर्षांनी, इतक्या धुण्यांनंतरही शिवणीत खडूची भुकटी राहिली होती.

ते जाकीट आता मी पुन्हा धुणार नाही.